एकोणीस रेघा

"पाटीचं काय करायचं, ताई?"

बॉबिन स्टुलावर चढून वरच्या फळीवरची तारांची रिळं एकेक करून खाली देत होता आणि मी ती जाडीप्रमाणे खोक्यांत लावत होते. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. दुकानाची किल्ली आईने त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा माझ्या हातात दिली होती.

"कुठल्या पाटीचं?" मी विचारलं. जशी काही दुकानाला दहा पाट्या होत्या.

बॉबिन बाबांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. आला तेव्हा इतका काटकुळा होता की रिकाम्या रिळांच्या पोत्यामागे झोपला तर सापडायचा नाही, म्हणून बाबांनी त्याला हे नाव दिलं. आता त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत शिरतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायकोही त्याला बॉबिन म्हणते आणि राग आला की 'अहो बॉबिन' म्हणते. सहा वर्षांपूर्वी त्याने बाजाराच्या टोकाला स्वतःचा गाळा घेतला होता. तो सोडून आता तो बाबांच्या दुकानात येणार होता. हे ठरवायला आईला दोन मिनिटंही लागली नव्हती. "जळालेल्या मोटारींचा वास त्याच्याशिवाय कोणाला सोसणार आहे?" एवढंच ती म्हणाली होती.

"बाहेरच्या पाटीचं," बॉबिन म्हणाला. "माझ्या मनात होतं, मास्तरांचंच नाव ठेवावं. पण..."

"पण काय?"

"छापखानेवाले काका परवा भेटले. म्हणाले, नाव तुझंच लाव. मास्तर मोठे खरे, पण शेवटी शेवटी त्यांचा हात गेला होता. लोकांच्या तेच लक्षात राहतं." तो माझ्याकडे न बघता रिळावरची धूळ पुसत राहिला. "ते म्हणाले, ताई. मी नाही म्हणत."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? गिऱ्हाईक त्यांचं ऐकतं. सोमवारी पेंटर येतोय. मास्तरांचं नाव खाली बारीक अक्षरांत घालतो. 'पूर्वीचे' असं लिहून."

मी हातातलं रीळ खोक्यात ठेवलं. चाळीस वर्षं ह्या शहरात मोटार जळली की लोक बाबांचं नाव घेत. छापखाना असो, लाँड्री असो, नाहीतर कोणाची घरातली शिलाई मशीन असो. आता ते नाव 'पूर्वीचे' होणार होतं, आणि का होणार होतं ते फक्त मला माहीत होतं. तिथल्या तिथे ते सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हे बावीस नंबरचं रीळ आहे की तेवीसचं? चिठ्ठी निघालीय."

बॉबिनने तार चिमटीत धरली, नख फिरवलं आणि म्हणाला, "बावीस."

टेबलाच्या कोपऱ्यात गुरगुऱ्या होता. धंद्यात त्याला ग्रोलर म्हणतात. गुरगुऱ्या हे बाबांचं. दिसायला ओबडधोबड लोखंडी ठोकळा, वरून खोबण काढलेला, खाली तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं. प्लग लावला की साखळीला बांधलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा आवाज काढतो. वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटाळणं, भरून झालं की मोटारीचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्या खोबणीत आडवं ठेवायचं. आर्मेचरच्या अंगावर लांबट खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत तारेचे वेढे बसवलेले असतात. गुरगुऱ्याचं चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं आणि त्या प्रत्येक वेढ्यात प्रवाह उठवायला बघतं. वेढे धड असतील, प्रत्येक तारेवरचा इनॅमलचा लेप शाबूत असेल, तर प्रवाहाला फिरायला वाट मिळत नाही आणि काहीच होत नाही. पण कुठे एका जागी इनॅमल खरचटलं असेल आणि शेजारशेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकले असतील, तर तेवढ्याच तुकड्याचं एक बंद कडं तयार होतं. त्या कड्यात प्रवाह गोल गोल फिरत राहतो. बाहेरची एक तारही त्याला शिवलेली नसते. मोटार चालू झाली की तेच कडं तापतं आणि शेजारच्यांना घेऊन जळतं.

ते शोधायला लागतं करवतीचं एक जुनं पातं. खाचेवर आडवं, हलकेच धरायचं. बाबा म्हणायचे, "धरायचं नाही. फक्त पडू द्यायचं नाही." खाच चांगली असली तर पातं गप्प राहतं. खाली बंद कडं असलं तर पातं तडतड वाजायला लागतं. मग आर्मेचर एक खाच पुढे फिरवायचं, पुन्हा पातं. तपासलेल्या खाचेच्या कडेवर खडूची एक रेघ ओढायची. रेघेवर बाबांचा फार कटाक्ष होता. पातं आधी, रेघ मग. दोन खाचा तपासून दोन रेघा एकदम ओढल्या तरी ते पहिल्यापासून करायला लावत. एकदा बॉबिनला त्यांनी संध्याकाळी घरी जाऊ दिलं नव्हतं एवढ्यासाठी. "खडू काय, भिंतीवरही ओढता येतो," असं त्याला ऐकवलं होतं.

चार वर्षांपूर्वी साखरेने बाबांच्या बोटांची टोकं बधिर झाली. तार भरायला त्यांना अडचण नव्हती. ते काम मनगटाचं आणि सवयीचं, असं ते म्हणत. पण पात्याची थरथर कळेना, आणि कान तर गुरगुऱ्याच्या शेजारी बसून कधीच गेले होते. बॉबिन तेव्हा स्वतःच्या गाळ्यात गेलेला. मग पातं माझ्याकडे आलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. घरी जाताना वाटेत दुकान लागतं. आठवड्यातून दोनतीनदा मी थांबायचे, बाबा मला "या बाई" म्हणायचे, स्टूल पुढे सरकवायचे, आणि मी पर्स खिळ्याला अडकवून पातं हातात घ्यायचे.

ह्या सगळ्या काळात पातं माझ्या हातात एकदाही वाजलं नव्हतं. बाबांनी भरलेलं आर्मेचर वाजत नसे. पुढे मी जे केलं त्याचं कारण म्हणून हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. पण ज्याच्या भरवशावर आपण चुकलो त्यालाच पुढे करणं हे मला स्वतःला सांगतानाही चांगलं वाटत नाही.

छापखान्याची मोटार जुनी होती, जाडजूड, वेग कमीजास्त करता येणारी. तसली आर्मेचर भरणारे आता फार उरलेले नाहीत. शाळा उघडायच्या तोंडावर ती जळली. छापखान्यात शाळेची पुस्तकं चढलेली होती. बाबांनी चार दिवस बसून ती भरली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेले.

त्याच दिवशी सकाळी मी वर्गात कडीचा प्रयोग दाखवला होता. लोखंडी गाभ्यावर विजेचं वेटोळं, आणि गाभ्यात घातलेली ॲल्युमिनियमची कडी. बटण दाबलं की कडी टुणकन वर उडते. मुलं दरवर्षी ओरडतात. मग मी तशीच दुसरी कडी घालते, फक्त एका जागी चिरलेली. ती हलत नाही. "चीर पडली की वाट तुटली," मी सांगते. "वाट नाही तर प्रवाह नाही. आणि वाट बंद झाली, की कडी कितीही लहान असू द्या." हे मी त्या सकाळी सांगितलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने पहिली कडी हातात घेऊन "मॅडम, गरम झालीय" असंही म्हटलं होतं.

आर्मेचरला एकतीस खाचा होत्या. बारा झाल्या तेव्हा माझा फोन वाजला. परीक्षा विभागातला कारकून. माझ्या वर्गाचे मार्क मिळाले नाहीत म्हणत होता. मी म्हणत होते, मंगळवारी दिलेत. "मॅडम, मंगळवारी मी रजेवर होतो." "तुम्ही रजेवर होता म्हणून मार्क रजेवर गेले का?" असं बराच वेळ चाललं. पायरीवर उभी राहून मी त्याच्याशी भांडले आणि परत आले तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. बाबा मागे वार्निशचा डबा ढवळत होते. गुरगुऱ्या गुरगुरत होता. बारा रेघा होत्या. घरी जाऊन ते मार्क पुन्हा भरायचे होते.

मी खडू उचलला आणि आर्मेचर फिरवत फिरवत उरलेल्या एकोणीस रेघा ओढल्या. पातं टेबलावरच होतं. फार तर अर्धं मिनिट लागलं असेल.

बाबा हात पुसत आले. वाकून पाहिलं. रेघांचा पूर्ण फेरा.

"झालं?"

"झालं."

"शाब्बास बाई," ते म्हणाले आणि फडक्याने सगळ्या रेघा पुसून टाकल्या, कारण वार्निशखाली खडू राहता कामा नये.

मोटार नऊ दिवस चालली.

दहाव्या दिवशी छापखानेवाल्या काकांनी बाबांना बोलावून घेतलं. मी सोबत नव्हते. काय झालं ते बॉबिनकडून कळलं, आणि त्याला तिथल्या मशीनवाल्याकडून. काका वाईट माणूस नाही. बाबांशी त्यांची तीस वर्षांची ओळख. पण पुस्तकं अर्धी छापून पडली होती, शाळेचे लोक येऊन बसले होते, शेवटी काम दुसऱ्या छापखान्यात गेलं. काका सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मास्तर, आता पुरे करा. हाताला होत नाही तर घरी बसा. आमच्या जिवाशी कशाला खेळता?" बाबांनी आर्मेचर पोत्यात गुंडाळून रिक्षात घातलं आणि दुकानात आले.

मी गेले तेव्हा त्यांनी ते गुरगुऱ्यावर चढवून ठेवलं होतं. जळक्या वार्निशचा वास सुटला होता.

"पातं घे," ते म्हणाले.

मी नेहमीप्रमाणे, बाबांनी ठिपका मारलेल्या पहिल्या खाचेपासून सुरुवात केली. प्रत्येक खाचेवर थांबत होते. बाबा शेजारी उभे होते. तेविसाव्या खाचेवर पातं वाजलं. इतकं जोरात, की माझ्या हातून निसटून खाली पडलं. मी ते उचललं आणि पुन्हा धरलं. तेवढ्या जागी काळं पडलं होतं.

बाबांनी हात पुढे केला. "माझ्या बोटाला लाव बघू."

मी पातं त्यांच्या चिमटीत दिलं आणि मनगट धरून त्यांचा हात खाचेवर आणला. पातं तडतडत होतं. बाबा डोळे मिटून उभे राहिले, डॉक्टरने 'दुखतंय का' विचारल्यावर माणूस राहतो तसे. मग डोळे उघडले.

"वाजतंय?"

"हो."

"बघ," ते हसले. "एवढा गोंधळ चाललाय आणि मला पत्ता नाही."

मग त्यांनी पातं खाली ठेवलं आणि विचारलं. आवाजात काही नव्हतं. तारेचा नंबर विचारावा तसं विचारलं.

"त्या दिवशी इथे फिरवलं होतंस ना?"

"हो."

"सगळीकडे?"

"हो, बाबा."

ते मान हलवत राहिले. "मग नंतरचं आहे. लेथवर घेताना माझ्याच हातून कुठेतरी लागलं असणार. नाहीतर पातं बोललं असतं."

पातं बोललं असतं. मी पर्स खिळ्यावरून काढली.

त्यानंतर त्यांनी एकही आर्मेचर भरलं नाही. ते छापखान्याचं बॉबिनकडे पाठवलं. आलेली गिऱ्हाइकंही त्याच्याकडे पाठवायला लागले. "हात गेला," असं कोणी विचारायच्या आधीच सांगायचे. त्यांचा हात गेला नव्हता. एखादा वेढा खरचटला होता. हात चुकतो, म्हणून तर पातं असतं. पण हे त्यांना सांगायचं तर मला दुसरंही सांगावं लागलं असतं. घरी ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून, जेवढा ऐकू येई तेवढ्यावरून, कोणाचं बेअरिंग गेलंय ते आईला सांगत. आई म्हणायची, "मला सांगून काय होतंय, जा त्याला गाठा." असे आठ महिने गेले. मी रोज घरी असायचे. आठ महिने हा काही कमी वेळ नाही. मग एका दुपारी, मी वर्गात असताना, त्यांचं हृदय बंद पडलं.

दुकानातून मी घरी आले तेव्हा आई फ्रिज साफ करायला बसली होती. सगळं बाहेर काढून, वरच्या खणात गरम पाण्याचं भांडं ठेवून, लाकडी उलथन्याने बर्फ सुटा करत होती. फरशीवर जुनी चादर अंथरली होती.

"झालं का आवरून?"

"बरंचसं. बॉबिन पाटी बदलतोय."

"बदलणारच. दुकान त्याचं."

"बाबांचं नाव काढतोय. छापखानेवाले काका म्हणाले त्याला, शेवटी हात गेला होता म्हणून."

बर्फाचा एक मोठा पापुद्रा सुटला आणि चादरीवर पडला. आईने तो उचलून बादलीत टाकला.

"हात नव्हता गेला," ती म्हणाली. "डोळा गेला होता. आणि तो माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसा?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं ना? मीच म्हटलं, माझ्या भाचीचं लग्न होऊन जाऊ दे, डोळ्याला पट्टी लावून मांडवात कुठे मिरवता. थांबले ते. ऑपरेशन झालं असतं तर खरचटलेली तार दिसली नसती का त्यांना?" ती उलथन्याने खणाच्या भिंतीवर ठक ठक करत होती. "कोणाला बोलले नाही मी. पण रोज येतं मनात. लग्नात तरी काय होतं एवढं? गार जेवण आणि भांडणं."

आतापर्यंत मला वाटत होतं की मी गप्प राहिल्याने जे व्हायचं ते माझ्यापुरतंच होत आहे. बाबा तर आता नव्हतेच.

"आई, डोळ्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

मी तिच्यासमोर चादरीवर बसले आणि सांगितलं. फोन, कारकून, खडू. कारणं सांगताना मलाच ऐकू येत होतं की मी ती फार व्यवस्थित लावून ठेवली आहेत. आई अडवत नव्हती. फ्रिजमधून पाणी ठिबकत होतं.

"किती खाचा होत्या?" तिने विचारलं.

"एकतीस."

"तू बघितल्यास किती?"

"बारा."

"आणि रेघा?"

"एकतीस."

तिने उलथनं खाली ठेवलं. "त्यांनी तुला विचारलं?"

"दोनदा."

"आणि तू?"

"हो म्हटलं. दोन्ही वेळा."

"आणि मग आठ महिने."

"हो."

ती उठली. मला वाटलं ती आत जाईल. ती ओट्यापाशी गेली, भांड्यातलं पाणी बदललं, परत येऊन खणात ठेवलं आणि पुन्हा बसली. तिचे हात लाल झाले होते. मी उलथन्यासाठी हात पुढे केला, तर तिने ते दिलं नाही.

"खुर्चीत बसून ते मला काय म्हणायचे माहितेय?" ती म्हणाली. "म्हणायचे, पोरीने नीट तपासलं होतं गं, मीच घाण केली. तुझी बाजू घ्यायचे. मी तुला बोल लावलाच नव्हता, तरी."

हे मला माहीत नव्हतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही मनात आलं.

बर्फ निघून गेल्यावर तिने खण कोरड्या फडक्याने पुसले, एकेक वस्तू आत ठेवली आणि दार लावलं. मग म्हणाली,

"छापखान्यात कोणासमोर बोलले होते ते त्यांना?"

"सगळ्यांसमोर. मशीनवाले, बाइंडिंगच्या बायका, शाळेचे लोक."

"मग मला एकटीला फ्रिजपाशी सांगून काय उपयोग?"

"आई..."

"उद्या शनिवार. चालू असतो ना छापखाना?"

छापखाना वीस मिनिटांवर, आम्ही चालतच गेलो. वाटेत आई एकदाच बोलली. "पावती दाखवल्यासारखी कारणं मांडू नकोस. साधं बोल." मी हो म्हटलं. रस्ता ओलांडताना एरवी ती माझा दंड धरते. त्या दिवशी तिने धरला नाही.

आत शाईचा आणि कागदाच्या धुळीचा वास होता. मोठं मशीन चालू होतं. त्याच्या दणक्याने दाराच्या काचा थरथरत होत्या. एका लांब टेबलाशी चार बायका छापलेले कागद दुमडत बसल्या होत्या. दुसरं, लहान मशीन बंद होतं आणि त्याच्याखालून दोन पाय आणि एक पोट बाहेर आलं होतं. ते बॉबिनचं होतं. त्याच्या मोटारीचे कार्बन बदलायला आला होता.

काका केबिनमधून लगबगीने बाहेर आले. "या, या वहिनी! निरोप द्यायचा, मी आलो असतो. आत बसू, चहा सांगतो."

"आत नको," आई म्हणाली. "हिला बोलायचंय. इथेच बोलू दे."

"इथे काय ऐकू येणार? मशीन चालू आहे."

"मग बंद करा."

काकांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मशीनवाल्याला हाताने खूण केली. मशीन एकदम थांबत नाही. बटण बंद झाल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहिलं. सगळेजण ते थांबायची वाट बघत उभे होते, आणि मला तेवढ्या वेळात दारातून परत जाता आलं असतं.

"काका, मागच्या वर्षी तुमची मोटार जळली," मी म्हणाले, "ती बाबांच्या हातामुळे नाही. वाइंडिंग भरल्यावर ते तपासायचं काम माझं होतं. एकतीस जागा तपासायच्या होत्या. मी बारा तपासल्या आणि सगळ्या तपासल्याच्या खुणा केल्या. बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. जी जागा जळली ती मी न तपासलेली होती. तपासली असती तर तिथेच सापडलं असतं, आणि त्यांनी दुरुस्त करून दिलं असतं."

लहान मशीनखालचे पाय हलायचे थांबले होते.

"अगं, ठीक आहे," काका म्हणाले. "झालं गेलं. आता मास्तरच राहिले नाहीत, तर कशाला उगाच... जाऊ दे पोरी."

"जाऊ कसं दे?" आई म्हणाली. "तुम्ही बॉबिनला त्यांचं नाव काढायला सांगितलंत."

"मी आपलं त्याच्या धंद्याच्या दृष्टीने बोललो, वहिनी."

"आणि त्यांना बोललात ते?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. "मी काय फार बोललो होतो का त्यांना?"

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला कळलं नाही. कागद दुमडणाऱ्यांपैकी एक वयस्कर बाई मान वर न करता म्हणाली, "बोललात ना, मालक. आम्ही इथेच होतो."

बॉबिन मशीनखालून सरकत बाहेर आला. केसांत काळा भुसा, हातात पाना. तो उठून बसला, पण उभा राहिला नाही.

"त्या आर्मेचरचे वेढे मीच उलगडले होते ना नंतर," तो म्हणाला. माझ्याशी बोलत होता, पण बघत पान्याकडे होता. "वेढा खरचटलेला होता. मला वाटलं, मास्तरांकडून कसा सुटला? वेढे खरचटतात, ताई. माझ्याकडे महिन्याला एकदोन निघतात. पण पातं फिरवल्यावर निघतात." मग तो म्हणाला, "मला एका रेघेसाठी त्यांनी रात्रीपर्यंत बसवून ठेवलं होतं."

"माहितेय," मी म्हणाले.

"मी लोकांना काय सांगत होतो आठ महिने? मास्तर थकले म्हणून." त्याने पाना खाली ठेवला. "काका, पाटीवर त्यांचंच नाव राहील. तुम्हाला पटो न पटो."

"अरे, मी कुठे नाही म्हणतोय?" काका म्हणाले. त्यांचा चष्मा अजून हातातच होता.

मला वाटलं, झालं. आई जायला निघेल. बॉबिन माझ्याकडे एकदा तरी बघेल असंही वाटलं, पण तो पुन्हा मशीनखाली सरकला होता.

तेवढ्यात मोठ्या मशीनच्या पलीकडून, कागदांच्या थप्प्यांमागून, मशीनवाला पुढे वाकला. साठीचा असेल, कानाशी हात धरला होता. इतकी वर्षं त्या दणक्यात काढल्यावर बाबांसारखेच त्याचेही कान गेलेले असणार. त्या दिवशी बाबांना रिक्षात आर्मेचर चढवायला त्यानेच हात दिला होता, असं बॉबिन म्हणाला होता.

"काय म्हणाली ती?" त्याने मोठ्याने विचारलं. "मास्तरांचं काय?"

"काही नाही, काही नाही," काका म्हणाले. "नंतर सांगतो तुला. चालू कर मशीन."

त्याने बटणाकडे हात नेला. आई जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"थांबा," मी म्हणाले. मशीनला वळसा घालून मी त्याच्या बाजूला गेले, त्याच्या कानाजवळ उभी राहिले आणि पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागले.